हांसीचा सिकंदरसाहेब : शिंद्यांच्या कंपूतून कंपनीच्या रिसाल्यात

1803 च्या इंग्रज-मराठा युद्धाचा विषय निघाला की शिंद्यांच्या कवायती फौजेतले गोरे अधिकारी ऐन वेळी शत्रूला जाऊन मिळाले, हे आपल्याकडे हमखास सांगितलं जातं. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. गव्हर्नर जनरल वेलस्लीने शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिशांना फोडण्यासाठी पेन्शनचं आमिष दाखवलं आणि अनेकांनी ते घेतलं. मात्र पुढे ‘सिकंदरसाहेब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जेम्स स्किनरचं नाव त्याच यादीत सरसकट घातलं जातं, ते मला पटत नाही. त्याला फितूर म्हणण्याआधी त्याचं घर आणि त्याचा जन्म पाहायला हवा.

स्किनरचा जन्म 1778 मध्ये कलकत्त्यात झाला. वडील हर्क्युलिस स्किनर हे कंपनीच्या फौजेतले स्कॉटिश अधिकारी. आई भोजपूरकडच्या एका राजपूत जमीनदाराची मुलगी, लढाईच्या धामधुमीत कैद होऊन त्यांच्या घरी आलेली. तिला तीन मुलगे आणि तीन मुली. मुलींना शाळेत घालायचं असं वडिलांनी ठरवलं, तेव्हा त्यांचा पडदा मोडणार आणि आपल्या कुळाची अब्रू जाणार या भावनेने तिने 1790 मध्ये जीव दिला. जेम्स तेव्हा बारा वर्षांचा होता. आज आपण मुलींच्या शाळेच्याच बाजूने उभे राहू, पण त्या घरात दोन जगं किती घट्ट आणि किती अवघडलेली एकत्र नांदत होती, ते या एका घटनेवरून कळतं.

पुढच्याच वर्षी, 1791 मध्ये, कंपनीने नियम केला की हिंदुस्थानी आई किंवा बापापोटी जन्मलेल्याला मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत घ्यायचं नाही. 1795 मध्ये तो आणखी आवळला. आई किंवा वडील यांपैकी एक जरी युरोपीय नसेल, तर फौजेत फार तर बासरीवाला, ढोलवाला किंवा नालबंद होता येई. बापाची फौज मुलाला बंद झाली. जेम्सला कलकत्त्याच्या एका छापखान्यात सात वर्षांच्या कराराने उमेदवारीला ठेवलं. तिसऱ्या दिवशी, खिशात चार आणे घेऊन, तो तिथून पळाला. बाजारात ओझी वाहिली, सुताराच्या हाताखाली राबला. शेवटी सापडल्यावर मेहुण्याकडे कायद्याचे कागद उतरवत बसला. धर्मपित्याने, कर्नल बर्नने, त्याची घालमेल ओळखली आणि त्याला उत्तरेकडे धाडलं. कारण तिथे जन्म न विचारता घेणारी एक फौज होती.

ती फौज म्हणजे शिंद्यांचे कंपू. महादजींनी डी बॉइन या युरोपीय सेनानीकडून उभी करवलेली, युरोपीय पद्धतीने कवायत केलेली पायदळ पलटणं आणि सोबत तोफखाना. 1794 मध्ये महादजी वानवडीला वारले होते आणि दौलतराव गादीवर होते. कोइल, म्हणजे आजच्या अलीगढला, स्किनरला दरमहा दीडशे रुपयांवर कनिष्ठ अधिकारी म्हणून नेमलं. शिंद्यांच्या बायांचं, म्हणजे महादजींच्या विधवांचं, दौलतरावांविरुद्धचं बंड, शिंद्यांचे सरदार लखबादादा लाड यांची धावपळ, राजपुतान्यातल्या खंडणीच्या मोहिमा, या सगळ्यांत तो वाढला. लढाई तो इथे शिकला. फारसी तर त्याची लिहिण्याचीच भाषा होती.

1800 च्या सुमारास राजपुतान्यातल्या उणियाराच्या लढाईत त्याला गोळी लागली आणि तो रणावर पडून राहिला. शेजारी पाय गेलेला एक राजपूत अंमलदार. एक म्हातारा आणि एक चांभार बाई भाकरी-पाणी घेऊन आले. राजपुताने तिच्या हातचं पाणी नाकारलं, स्किनर ते प्यायला. जगलो तर चर्च बांधीन, असा नवस त्याने तिथेच केला. बरा झाल्यावर त्या बाईला आई म्हणून पैसे पाठवले. त्याच्या आठवणी 1851 मध्ये लंडनला छापल्या गेल्या, त्यात हा प्रसंग आहे, आणि त्यांतलं मला सर्वांत मोलाचं पान तेच वाटतं.

1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेने जॉर्ज थॉमस या आयरिश साहसवीराचं राज्य मोडलं. त्याची राजधानी होती हरियाणातली हांसी. त्या मोहिमेत धाकटा भाऊ रॉबर्टही होता. दोघांनाही दुसरा मारला गेल्याची बातमी लागली, दोघांनी रणभर एकमेकांची प्रेतं शोधली आणि अखेर सेनापतीच्या तंबूत जिवंत भेटले.

मग आलं 1803. डी बॉइननंतर सेनापती झालेल्या फ्रेंच पेराँने ब्रिटिश वंशाच्या सगळ्या अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. स्किनर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. मी याच देशात जन्मलो, मला राहू द्या, असं त्याचं म्हणणं होतं. पेराँने ऐकलं नाही. कंपनीने त्याला आईच्या रक्तावरून नाकारलं होतं, शिंद्यांच्या सेनापतीने बापाच्या रक्तावरून. पुढे पेराँ स्वतःच इंग्रजांच्या आश्रयाला गेला, हे विसरून चालणार नाही.

स्किनर इंग्रजांचा सेनापती जनरल लेक याच्याकडे गेला. सप्टेंबरमध्ये दिल्लीजवळची लढाई झाल्यावर पेराँचे सुमारे दोन हजार घोडेस्वार लेकच्या बाजूला आले. सरदार कोण हवा असं विचारल्यावर त्यांनी एकच नाव घेतलं, सिकंदरसाहेब. स्किनरचा उच्चार त्यांनी तसा करून टाकला होता. त्याने सरदारी घेतली ती एका अटीवर: ज्यांचं मीठ खाल्लं त्या शिंद्यांवर मला पाठवायचं नाही. यशवंतराव होळकरांच्या आणि त्यांचा साथीदार अमीरखान याच्या पाठलागावर मात्र तो धावला, तेही इथे सांगायलाच हवं.

या पथकाचे पिवळे अंगरखे प्रसिद्ध झाले. घडण मात्र आपल्या ओळखीची होती. स्वार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, त्याबद्दल पगार घेई, म्हणजे शिलेदारीच.

युद्ध संपल्यावर 1806 मध्ये पथक मोडलं, 1809 मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि हांसीला स्थिरावलं. ज्या किल्ल्यासाठी तरुणपणी शिंद्यांच्या बाजूने लढला, तिथेच स्किनरने घर केलं. बुलंदशहराकडे बिलासपूरची जहागीर मिळाली. शेती, घोड्यांची पैदास, दरबार, सगळं हांसीला चाले. तिथेच 1825 मध्ये त्याने ‘तशरीह-उल-अक्वाम’ हा जातीजमातींवरचा सचित्र फारसी ग्रंथ सिद्ध केला. गुलाम अली खान या दिल्लीच्या चित्रकाराने त्याच्या पथकाचा दरबार रंगवला. त्या चित्रातले स्वार एकेका चेहऱ्यानिशी ओळखू येतात.

घरात बायका अनेक होत्या. चौदा असल्याची दंतकथा आहे, तिच्यात मी पडत नाही. जोसेफ, जेम्स, हर्क्युलिस, रॉबर्ट, अलेक्झांडर ही मुलग्यांची नावं ठाऊक आहेत, त्यांतला हर्क्युलिस निजामाच्या घोडदळात अधिकारी झाला. मुलांच्या आयांबद्दल मात्र कागद फारच कमी बोलतात, आणि मला ती या कुटुंबाच्या इतिहासातली खरी उणीव वाटते.

नवस त्याने फेडला. दिल्लीच्या काश्मीरी दरवाजाजवळ स्वतःच्या पैशाने बांधलेलं सेंट जेम्स चर्च 21 नोव्हेंबर 1836 रोजी विधिपूर्वक खुलं झालं. त्याचा मित्र, दिल्लीचा आयुक्त विल्यम फ्रेझर, याचा आदल्या वर्षी खून झाला होता. त्याला स्किनरने याच आवारात पुरलं होतं.

4 डिसेंबर 1841 रोजी स्किनर हांसीला वारला. तिथे दफन झालं, पण जानेवारी 1842 मध्ये त्याचे स्वार त्याची शवपेटी दिल्लीला घेऊन आले आणि ती चर्चच्या वेदीखाली ठेवली गेली. एवढ्या लवाजम्याने तर कुणी बादशहाही दिल्लीत आला नव्हता, असं लोक म्हणाले. चर्चच्या आवारात त्याच्या वंशजांच्या कबरी एका कुंपणात आहेत. त्याच्या पथकातून घडलेली ‘स्किनर्स हॉर्स’ ही पलटण आजही भारतीय लष्करात आहे. 1960 च्या दशकात तिचं नेतृत्व याच घराण्यातल्या एका अधिकाऱ्याकडे आलं, तेव्हा घोडे जाऊन रणगाडे आले होते.