सापाचा उपास

पाळलेला साप जेवेनासा झाला की घरातली माणसं घाबरतात, कारण ती आपल्या भुकेवरून सापाची भूक मोजतात. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात जातो. सापाला तो खर्चच नाही. ऊन, तापलेला कातळ, कौलांखालची ऊब यांवर त्याचं भागतं. पूर्ण वाढलेला बॉल पायथन, म्हणजे लोक पाळतात तो छोटा आफ्रिकी अजगर, दोन-तीन आठवड्यांतून एकदा जेवला तरी त्याला पुरतं, आणि दोन-तीन महिने नाही जेवला तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. कधी थांबायचं आणि कधी डॉक्टर गाठायचा, एवढं मात्र ओळखता आलं पाहिजे.

त्याआधी कायद्याचं. धामण, अजगर, मांडूळ, नाग असे आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. माकडांसाठी परसात लावलेल्या नायलॉनच्या जाळीत धामण अडकते, ग्रास कटरने एखादी दिवड जखमी होते, आणि 'बरी होईपर्यंत' म्हणून कुणीतरी तिला पिंपात ठेवतं. ती तिथे खात नाही. दिवडीला बेडूक आणि मासे लागतात, तिच्यापुढे उंदराचं पिल्लू टाकून उपयोग नाही. आणि धामणीसारखा चपळ, सतत फिरणारा साप कोंडला गेला की भक्ष्याकडे ढुंकूनही बघत नाही. अशा सापाला भरवण्याच्या खटपटीत न पडता वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं. उपचार लागला तर तो त्यांच्या देखरेखीखाली होतो, नाहीतर साप लगेच जवळच्या जंगलात सोडला जातो. बॉल पायथन आफ्रिकेतला असल्यामुळे त्याचे नियम वेगळे: २०२४ च्या नियमांनुसार तो पाळणाऱ्याने केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे. पुढचं सगळं अशा नोंदणी केलेल्या सापाबद्दल.

उपाशी राहणं ही सापाच्या शरीराची मोठी ताकद आहे. मार्शल मॅक्यू या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटल स्नेक अशा तीन जातींचे साप सुमारे सहा महिने उपाशी ठेवले होते. त्यांनी शरीराच्या ऊर्जाखर्चात ७२ टक्क्यांपर्यंत कपात केली. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे त्या काळातही त्यांची लांबी वाढत राहिली.

याची दुसरी बाजू बर्मी अजगरावरच्या संशोधनातून दिसते. उपाशी अजगराचं आतडं आकसलेलं असतं, जठरात आम्ल जवळजवळ नसतं. भक्ष्य गिळलं की एक-दोन दिवसांत लहान आतड्याचं वजन दुपटीच्या वर जातं आणि आम्ल पाझरू लागतं. हृदयाचा मुख्य कप्पासुद्धा ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, हे २००५ मध्ये नोंदवलं गेलं. खूप मोठं भक्ष्य पचवताना ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या ४४ पटींपर्यंत चढल्याची नोंद आहे. कामाची वेळ संपली की आतडं पुन्हा आकसतं. एकदा जेवणं म्हणजे सापासाठी बंद पडलेली गिरणी नव्याने सुरू करणं आहे. आजूबाजूची परिस्थिती अनुकूल नसेल तर तो ती सुरूच करत नाही, आणि यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून साप जेवत नसेल तर सापाआधी पेटी तपासावी. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश सेल्सिअस लागतं. पोटात गेलेला उंदीर पचवायला गरम टोकाची ऊब हवीच. ती मिळाली नाही तर भक्ष्य आतच कुजतं आणि साप ते ओकून टाकतो. कोकणातल्या पावसाळ्यात घर दिवसरात्र २५ ते २८ अंशांच्या मध्ये रेंगाळतं. आपल्याला ते सुखाचं वाटतं, या सापाला पचनासाठी ते अपुरं पडतं. त्यात जुलैच्या वाऱ्यात तारेवर फांदी पडून रात्रभर वीज गेली की पेटीखालचा हीटिंग पॅड थंड. इन्व्हर्टरवर टीव्ही नाही चालला तरी चालेल, पण हा पॅड आणि त्याचा थर्मोस्टॅट त्यावर जोडून घ्यावा. तापमापक पेटीच्या वरच्या काचेला न चिकटवता साप जिथे पोट टेकतो तिथे ठेवावा. हवेतला ओलावा मात्र आपल्याकडे फुकट आणि नको तितका मिळतो. तळाचा थर कायम ओलसर राहिला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, श्वसनाचे विकार जडतात, आणि त्या दुखण्यापायी भूक जाते.

दुसरं कारण भीती. हा साप मूळचा उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहणारा. पाठ आणि कूस दोन्ही बाजूंनी टेकतील इतकी अरुंद, अंधारी लपायची जागा त्याला लागते, गरम टोकाला एक आणि थंड टोकाला एक. गणपतीत चाकरमानी घरी येतात. दीड दिवसाचा असो की गौरीबरोबर जाणारा, घरात आरत्या, झांजा, रात्रीचं भजन, आणि मधल्या वेळात प्रत्येक पोराला साप हातात घेऊन फोटो हवा. त्यानंतर साप महिनाभर जेवला नाही तर नवल नाही. त्या दिवसांत पेटी आतल्या शांत खोलीत हलवावी, वरून कापड टाकावं आणि कुणाच्याही हातात साप देऊ नये. पाहुण्यांचा रुसवा पत्करावा.

काही उपास तर निसर्गक्रमातलेच. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, नीट दिसत नाही, साप आठवडाभर किंवा थोडा जास्त काळ काही खात नाही. कात पडली की दोन-चार दिवसांत भूक येते. विणीच्या हंगामात नर जेवण सोडतात, पोटात अंडी असलेल्या माद्याही. आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याचा अजगरही हेच करतो. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोन महिन्यांच्या आसपास बसते, स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते आणि त्या काळात सहसा काही खात नाही.

आता भक्ष्याकडे. बॉल पायथनच्या ओठांच्या कडेला उष्णता जाणवणारे खळगे असतात. फ्रीझरमधला उंदीर वितळला पण कोमट झाला नाही, तर त्याच्या लेखी ते भक्ष्यच नाही. बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा, मायक्रोवेव्हमध्ये नको. हाताला आपल्या अंगापेक्षा किंचित गरम लागला की कोरडा करून, दिवेलागणीनंतर, लांब चिमट्याने हळू हलवत पुढे करावा. मग सापाकडे बघत राहावं. जीभ भराभर आत-बाहेर करत असेल तर तो अजून अंदाज घेतो आहे. जिभेची हालचाल संथ झाली, डोकं भक्ष्यावर रोखलं गेलं आणि मान इंग्रजी एसच्या आकारात मागे ओढली गेली, की तो झेप घेणार. त्या क्षणी चिमटा स्थिर धरायचा. त्याने डोकं वेटोळ्यात खुपसलं तर उंदीर काढून घ्यावा आणि पुढचा आठवडाभर विचारूही नये. रोज रोज विचारण्याने उपास लांबतो.

जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाऊ नये. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि पाठीच्या कण्यापर्यंत गेलेल्या जखमा होतात. माळ्यावरचा, शेतातला पकडलेला उंदीर तर कधीच नको. भातशेतीत आणि नारळाच्या बागांत झिंक फॉस्फाइडची आमिषं सर्रास टाकतात; ते विष उंदराच्या पोटातून सापाच्या पोटात जातं. शिवाय पावसाळ्यातला लेप्टो मुख्यतः उंदरांच्या मुतातून पसरतो. सापाचं राहू द्या, तो उंदीर हाताळणाऱ्या माणसालाच धोका.

शेजारच्या काकी हमखास सांगतात, "खाणा नाय तर तेका वायच दूध दी." काकींची माया खरी आहे. पण दूध हे सापाचं अन्न नाही. नागपंचमीच्या वेळी पूर्वी गारुड्यांचे नाग दूध पीत, कारण त्यांना कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असे. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो. उपास करणाऱ्या सापाला स्वच्छ पाण्याचं पसरट भांडं रोज भरून मिळालं पाहिजे.

जबरदस्तीने तोंड उघडून भरवणं हा सगळ्यात वाईट उपाय, आणि तोच लोक आधी करतात. त्यात दात मोडतात, अन्ननलिका खरचटते, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. गरज पडलीच तर ते काम डॉक्टरचं.

गरज पडली की नाही हे वजनकाटा सांगतो. स्वयंपाकघरात असतो तसा ग्रॅममध्ये मोजणारा काटा, त्यावर झाकणाचा डबा, डब्यात साप. आठवड्यातून एकदा वजन वहीत लिहायचं. वजन टिकून असेल तर वाट बघावी. दहा टक्क्यांहून जास्त घटलं, पाठीचा कणा वर उठून दिसू लागला, तोंड उघडं ठेवून श्वास चालला, नाका-तोंडातून फेस आला, हिरड्यांवर पिवळट थर दिसला, किंवा खवल्यांच्या कडेला गोचिडी दिसल्या, तर मात्र थांबायचं नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांकडे चरबीचा साठा थोडा, त्यांच्यासाठी मुदत आणखी कमी. तालुक्याचे पशुवैद्यक गाई-म्हशींत मुरलेले असतात. त्यांना मुंबई-पुण्यातल्या सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर जोडून दिलं तर पुष्कळदा तिथल्या तिथे इलाज होतो.

लांबलेल्या उपासानंतर साप जेवला की लोक आनंदाने मोठा उंदीर देतात. आकसलेल्या आतड्याला तो भार पेलत नाही. पहिलं भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचं द्यावं, त्यानंतर निदान ४८ तास सापाला हात लावू नये, आणि पुढचं भक्ष्य दहा-बारा दिवसांनी थोडं मोठं. ओकलं तर दोन आठवडे काही न देता आधी पेटीतली ऊब पुन्हा मोजावी.