खजुराचे पोषणमूल्य व आरोग्यविषयक उपयोग

खजूर हे ताड-माडांच्या कुळातील (ॲरेकेसी) फीनिक्स डॅक्टिलिफेरा या वृक्षाचे फळ. कडक उन्हाळा, कोरडी हवा आणि मुळाशी मात्र भरपूर पाणी, अशा उपोष्ण प्रदेशांत ते उत्तम येते. पश्चिम आशियात त्याची लागवड हजारो वर्षांपासून होत आली असून आज ईजिप्त, सौदी अरेबिया, इराण व अल्जीरिया हे प्रमुख उत्पादक आहेत.

या फळाचे गुण सांगण्याआधी ते कोणत्या अवस्थेतले, हे पाहावे लागते. अरबी बागायतदार चार अवस्था मानतात : हिरवे, टणक किमरी, पूर्ण वाढलेले, पिवळे किंवा लाल, करकरीत खलाल, टोकाकडून मऊ पडत तपकिरी होणारे रुतब, आणि सुकत आलेले, सुरकुतलेले तमर. खलाल चावले की बहुतेक जातींत जीभ आखडते. हा तुरटपणा टॅनिनांचा. फळ पिकताना टॅनिने अविद्राव्य होऊन तुरटपणा जातो, पाणी उडते, साखर एकवटते आणि क जीवनसत्त्व जवळजवळ संपते. बर्ही ही जात मात्र खलाल असतानाच गोड लागते. खलाल उकळून वाळवले की खारीक तयार होते.

मेजूल जातीच्या १०० ग्रॅम खजुरात सुमारे २७७ किलोकॅलरी ऊर्जा, ७५ ग्रॅम कर्बोदके (त्यांपैकी ६६ ग्रॅम साखर), ६.७ ग्रॅम तंतू, ६९६ मिग्रॅ. पोटॅशियम व ५४ मिग्रॅ. मॅग्नेशियम असते. प्रथिने दोन ग्रॅमांहून कमी, मेद नगण्य. केळ्याच्या जवळपास दुप्पट पोटॅशियम, असे कौतुक नेहमी होते. पण केळ्यात तीन-चतुर्थांश पाणी असते, तेव्हा ही तुलना फारशी न्याय्य नाही. लोहाची कीर्ती तर आणखीच फुगवलेली. शंभर ग्रॅमांत ते जेमतेम एक मिलिग्रॅम भरते, आणि वनस्पतिज असल्याने त्यातलेही थोडेच शोषले जाते. रक्तक्षयावर केवळ खजुराची भिस्त ठेवणे योग्य नव्हे.

खजुराची खरी जमेची बाजू म्हणजे तंतू व पॉलिफिनॉले (वनस्पतींत आढळणारी एक प्रकारची संयुगे). तंतूंमुळे मलावरोध कमी होतो. साखर एवढी असूनही अनेक जातींचा ग्लायसेमिक निर्देशांक कमी ते मध्यम आढळला आहे. तरीही हा निर्देशांक साखर रक्तात किती वेगाने उतरते एवढेच सांगतो, एकूण किती उतरते ते नाही. एका मोठ्या मेजूलमध्येच सुमारे १६ ग्रॅम साखर असते. मधुमेह्यांनी म्हणूनच मोजून खावे. पॉलिफिनॉलांचे ऑक्सिडीकरणरोधी गुण प्रयोगशाळेत ठळक दिसतात, माणसांवरील चाचण्या मात्र लहान आहेत.

खजूर खाल्ल्याने प्रसूती सुलभ होते, हा दावा थोडा वेगळा. जॉर्डनमधील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६९ गर्भवतींनी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले. न खाणाऱ्या ४५ जणींच्या तुलनेत त्यांना कृत्रिमरीत्या कळा सुरू करण्याची गरज कमी पडली. गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती, त्यामुळे हा निष्कर्ष बेतानेच घ्यावा.

मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम मर्यादित ठेवावे लागते. अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय खजूर खाऊ नये. चिकट गर दातांच्या फटींत बराच वेळ टिकतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरावी. जुन्या खजुरावर दिसणारे पांढरे कण बहुधा साखरेचे स्फटिक असतात आणि ते निरुपद्रवी असतात. कापसासारखा थर किंवा आंबूस वास असेल तर फळ टाकून द्यावे.