गप्प बसलेला ग्रुप आणि तापलेला ग्रुप: ग्रुपथिंक आणि पोलरायझेशन एक नाही

कुठल्याही ग्रुपमध्ये सगळे एका सुरात बोलायला लागले की कोणीतरी हमखास लिहितं, "टिपिकल ग्रुपथिंक". लीडरशिपवरच्या पोस्ट असोत, ट्रेनिंगच्या स्लाइड्स असोत, सोशल मीडियाने समाज कसा बिघडवला यावरचे लांबलचक थ्रेड असोत, सगळीकडे हा एकच शब्द. आणि बऱ्याचदा तिथे ग्रुपथिंक (एकमत मोडू नये म्हणून शंका मनातच दाबणं) नसतंच, ग्रुप पोलरायझेशन (चर्चेतून सगळ्यांचंच मत टोकाकडे सरकणं) असतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं हे मान्य, सगळ्यांचं एकमत, विरोधी सूर गायब. पण आत जे चाललेलं असतं ते अगदी वेगळं, आणि उपाय तर इतके वेगळे की एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला की बरं व्हायच्या ऐवजी वाढतं.

ग्रुपथिंक बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे पटकन उरकते. शब्द 1952 चा, विल्यम व्हाइट यांनी फॉर्च्यून मासिकात वापरलेला, पण आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ दिला मानसशास्त्रज्ञ इर्विंग जॅनिस यांनी 1971-72 मध्ये. त्यांचं गाजलेलं उदाहरण म्हणजे बे ऑफ पिग्स. एप्रिल 1961, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सल्लागारांनी क्यूबावर साधारण 1,400 क्यूबन निर्वासितांची फौज उतरवायला होकार दिला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं, हजाराहून जास्त लोक पकडले गेले. त्या मीटिंगांमध्ये केनेडींचे एक सहायक, इतिहासकार आर्थर श्लेसिंजर बसायचे. त्यांचा विरोध होता, केनेडींना तो त्यांनी लेखी कळवलाही होता, पण भर मीटिंगमध्ये ते जवळपास गप्पच राहिले आणि त्या गप्प बसण्याबद्दल नंतर त्यांनी स्वतःलाच दोष दिला. म्हणजे त्यांचं मत बदललेलं नव्हतं, फक्त तोंड बंद होतं.

आता पोलरायझेशन. योगायोग असा की त्याची सुरुवातही 1961 चीच. जेम्स स्टोनर नावाच्या एमआयटीच्या विद्यार्थ्याने मास्टर्सच्या थीसिसमध्ये दाखवलं की माणसं एकेकटी जेवढी जोखीम घेतात त्यापेक्षा ग्रुपमध्ये चर्चा करून जास्त घेतात. तोपर्यंत सगळ्यांचा समज उलटा होता, की चार डोकी एकत्र आली की निर्णय मधला, मवाळ होतो. पुढे कळलं की भानगड जोखमीची नाहीच, जो ग्रुप आधीच सावध असतो तो चर्चेनंतर आणखी सावध होतो. थोडक्यात, ग्रुप ज्या बाजूला आधीच थोडासा झुकलेला असतो त्याच बाजूला अजून सरकतो. (समाजाचे दोन तुकडे पडतात त्यालाही आपण ध्रुवीकरण म्हणतो, पण इथे एकाच गटाने आतल्या आत टोकाला जाणं एवढंच म्हणायचंय.)

माणसं किती, चर्चा समोरासमोर की फोनवर, विषय ऑफिसचा की राजकारणाचा, असल्या फरकांत मला वेळ घालवायचा नाही. दोन्ही गोष्टी पाच जणांत होतात, पाचशेंत होतात, ऑनलाइन होतात, ऑफलाइनही होतात. जो फरक खरंच लोकांना चकवतो तो एकच आहे आणि तो म्हणजे माणूस ग्रुपमधून बाहेर पडून एकटा बसला की त्याला काय वाटतं.

हे सगळ्यात छान दिसतं 1969 च्या एका प्रयोगात. सर्ज मॉस्कोविची आणि मारिसा झव्हालोनी यांनी पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांना फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याबद्दल आणि अमेरिकनांबद्दल काय वाटतं ते विचारलं, पण तीन वेळा. आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, मग ग्रुपमध्ये चर्चा करून एकमतावर यायचं, आणि शेवटी परत एकट्याने लिहायचं. द गॉलबद्दलचं मत आधी जरासं चांगलं होतं ते चर्चेत अजून चांगलं झालं, अमेरिकनांबद्दलचं आधी जरासं वाईट होतं ते अजून वाईट झालं. इथपर्यंत कोणी म्हणेल की पोरं एकमेकांच्या दबावाखाली बोलली असतील, चारचौघांत हो ला हो केलं असेल. पण तिसऱ्या वेळी, एकट्याने लिहिताना, दबाव नव्हता, एकमताची गरज नव्हती, तरी मतं जिथे सरकली होती तिथेच राहिली. ती मुळात सरकली होती, कोणी दाबून धरलेली नव्हती.

तर तो तिसरा कागद हीच कसोटी. ग्रुपथिंक झालेल्या ग्रुपला तिसरा कागद द्या, त्यावर शंका, आक्षेप, "मला आधीपासूनच पटलं नव्हतं" हे सगळं बाहेर येतं. पोलरायझेशन झालेल्या ग्रुपला द्या, त्यावर ग्रुपमध्ये जे बोलले तेच येतं, कधीकधी जास्त ठासून.

रोजच्या चॅटमध्ये बघा. टीमच्या ग्रुपवर साहेब सकाळी टाकतात, "लाँच पुढच्या महिन्यातच करतोय, कोणाला काही अडचण?" खाली एकामागून एक अंगठे, दोन "येस सर", एक "डन". आणि त्याच मिनिटाला दोघांच्या वेगळ्या चॅटमध्ये, "अरे टेस्टिंग कधी करणार?" "मला पण तेच वाटतंय, पण आता कोण बोलणार." हे ग्रुपथिंक. खरी चर्चा बाजूच्या चॅटमध्ये चाललेली असते.

आता पालकांचा ग्रुप घ्या. सुरुवातीला बहुतेकांचं म्हणणं एवढंच असतं की मुलांनी फोन जरा कमी बघावा, तासभर ठीक आहे. मग कोणीतरी एक भीतीदायक व्हिडिओ टाकतं, त्याला सगळ्यात जास्त लाइक मिळतात, दुसऱ्याला वाटतं आपण तासभर म्हणालो म्हणजे आपण जरा बेफिकीर आहोत की काय, तो लिहितो अर्धा तास, तिसरी लिहिते आमच्याकडे तर फक्त रविवारी, आणि महिनाभरात ग्रुपचा सूर होतो की अठरा वर्षांपर्यंत फोन हातातच द्यायचा नाही. ज्यांना हे फार वाटतं ते वाद घालत नाहीत, म्यूट करतात किंवा गुपचूप बाहेर पडतात, त्यामुळे उरलेला ग्रुप अजूनच एका बाजूचा. इथे बाजूच्या चॅटमध्ये डोकावलात तरी वेगळं काही सापडणार नाही, तिथे पण "बरोबर बोलल्या त्या" हेच.

यावरून कारणंही वेगळी आहेत हे लक्षात येईल. ग्रुपथिंकमध्ये लीडरच्या वागण्याचा वाटा फार मोठा. जॅनिस यांचं मॉडेल जसंच्या तसं प्रयोगांत टिकलं नाही, "ग्रुप जितका घट्ट तितकं ग्रुपथिंक जास्त" हा त्यांचा आवडता भाग तर बराच डळमळीत निघाला. पण लीडरचा भाग टिकला. 1977 च्या मॅटी फ्लॉवर्स यांच्या प्रयोगात ज्या ग्रुपचा लीडर मोकळा होता, आपलं मत आधी रेटत नव्हता, त्या ग्रुपने जास्त पर्याय मांडले, आणि ग्रुप घट्ट आहे की सैल याने फरक पडला नाही. केनेडींनी स्वतः हे आधीच केलं होतं. ऑक्टोबर 1962 च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचात ते मुद्दाम काही बैठकांना गेले नाहीत, म्हणजे लोक त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलणार नाहीत. लीडर खोलीबाहेर गेला आणि चर्चा सुधारली, हे ग्रुपथिंकवर चालतं.

पोलरायझेशनवर नाही चालत, कारण तिथे दोन गोष्टी काम करत असतात आणि दोन्हींना लीडर लागत नाही. एक म्हणजे मुद्द्यांचा साठा. सगळे एका बाजूला झुकलेले असले की चर्चेत त्याच बाजूचे नवे नवे मुद्दे कानावर पडतात आणि माणसाला प्रामाणिकपणे ते पटतात. दुसरं म्हणजे तुलना, आपल्या लोकांत आपण कमी पडायला नको, एक पाऊल पुढेच असावं. सोशल मीडियाने नेमक्या याच दोन गोष्टींना आकडे चिकटवले. फेसबुकचं लाइक बटण 2009 चं, ट्विटरचं रीट्वीट बटणही त्याच वर्षीचं. त्याआधी ग्रुपचा कल अंदाजाने कळायचा, आता कुठल्या वाक्याला किती टाळ्या पडल्या ते प्रत्येकाला मोजून दिसतं.

आणि लीडर? पोलरायझेशनमध्ये बरेचदा ग्रुपच लीडरला ओढतो. मायकल हॉग यांची लीडरशिपवरची मांडणी याच धर्तीची आहे, ग्रुपला जो "अगदी आपल्यासारखा" वाटतो त्याचं वजन वाढतं. ग्रुप टोकाकडे सरकला की "आपल्यासारखा" कोण हेही सरकतं, आणि कालपर्यंत ज्याचं सगळे ऐकत होते तो मवाळ ॲडमिन आज संशयित ठरतो. म्हणून "ॲडमिनने वेळीच आवरायला हवं होतं" हे वाक्य मला पटत नाही. आवरणाऱ्या ॲडमिनचं ऐकतील एवढं त्याचं वजन तेव्हा शिल्लक असतं का, हे आधी बघा.

आता चुकीच्या औषधांबद्दल, कारण खरा त्रास तिथेच होतो. "निनावी पोल घ्या" हा सल्ला ग्रुपथिंकवर उत्तम आहे, माझा सगळ्यात आवडता उपाय तोच. पोलरायझेशनवर नावं लपवल्याने उलटही होऊ शकतं. स्पिअर्स, ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये कॉम्प्युटरवरून चर्चा करणाऱ्या गटांवर प्रयोग केला. माणसं एकमेकांना दिसत नव्हती आणि "आपण एक ग्रुप" ही भावना जागी केलेली होती, तिथे मतं ग्रुपच्या बाजूला सगळ्यात जास्त सरकली. समोरचा माणूस म्हणून दिसत नाही, फक्त "आपल्यातला" म्हणून दिसतो.

दुसरा सल्ला, "दुसऱ्या बाजूचं पण वाचायला द्या". ऐकायला किती छान. क्रिस बेल यांच्या टीमने 2018 मध्ये तो तपासला, अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध विचारांचे मेसेज आपोआप टाकणारा बॉट फॉलो करायला लावला. रिपब्लिकन लोक मवाळ झाले नाहीत, आणखी कडवे झाले. डेमोक्रॅट्समध्ये ठोस फरक दिसला नाही. मत घट्ट झालेल्या माणसावर अनोळखी विरोधकाचे मेसेज ओतले की तो विचार करत नाही, बचाव करतो. हाच सल्ला ग्रुपथिंकमध्ये मात्र कामाचा, कारण तिथे विरोधी मत लोकांच्या मनात आधीच असतं, त्याला फक्त परवानगी हवी असते.

पोलरायझेशनवर जे काही चालतं ते चर्चेच्या रचनेत असतं आणि बरंचसं आधीच करावं लागतं. जेम्स फिशकिन यांच्या डेलिबरेटिव्ह पोलमध्ये माणसं रँडम निवडतात म्हणजे ग्रुप मुळात एका बाजूचा नसतो, दोन्ही बाजू मांडणारी माहिती आधी देतात, मॉडरेटर सगळ्यांना बोलू देतो, शेवटी एकमताचा आग्रह नसतो, प्रत्येकजण आपला फॉर्म गुपचूप भरतो. अशा चर्चांत टोकाला जाण्याचा तो ठरलेला पॅटर्न फारसा दिसत नाही. त्यातलं सगळं आपल्या चॅट ग्रुपला जमणार नाही, पण वादाचा विषय काढायच्या आधी प्रत्येकाने आपलं मत आणि कारण ॲडमिनला वेगळं पाठवायचं आणि ॲडमिनने सगळं एकदम ग्रुपवर टाकायचं, एवढं जमतं. पहिल्या व्हिडिओने सूर ठरवायच्या आत मतांचा खरा पसारा सगळ्यांना दिसतो.

आणि हो, दोन्ही एकाच ग्रुपमध्ये एकामागून एक होऊ शकतात, तेव्हा गोंधळ समजण्यासारखा आहे. आधी बहुतेकजण मनापासून सरकतात, मग जे थोडे सरकले नाहीत ते भीतीने गप्प बसतात. तेव्हा गुप्त पोल घेतला तर त्या थोड्यांची मतं दिसतील, बाकीच्यांची तशीच राहतील, आणि आकडा बघूनच कळेल की किती जण दबलेत आणि किती जणांना खरंच तसं वाटतंय. व्हॉट्सॲपचं "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील" हे 2018 मध्ये आलेलं सेटिंग अशा वेळी लोक पटकन चालू करतात. तापलेल्या ग्रुपमध्ये दोन दिवस चालू ठेवलं तर टाळ्यांची चढाओढ थांबते, तेवढ्यापुरतं ठीक. पण दबलेल्या ग्रुपमध्ये ते अजिबात करू नका, तिथे आधीच एकच माणूस बोलत होता.