डोकं पाण्याखाली गेलं होतं का?

किनाऱ्यावर ‘पाणी पोहण्यास योग्य’ अशी पाटी लागते, तेव्हा तिच्यामागे बहुतेक वेळा एक आकडा असतो: 100 मिलीलिटर पाण्यात एन्टेरोकॉकस हे जिवाणू किती सापडले. पोहणाऱ्याला आजारी पाडणारे सहसा हे नसतात, सांडपाण्यातले विषाणू असतात. एन्टेरोकॉकस फक्त चुगली करतात, की या पाण्यात मैला मिसळला आहे.

ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकात पोलिओची भीती होती आणि किनाऱ्यावरच्या गावांचं सांडपाणी सर्रास तसंच समुद्रात जात होतं. मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1959 साली निर्वाळा दिला की, पाणी किळस येण्याइतकं घाण नसेल, तर धोका नगण्य. हा निष्कर्ष पुढे कित्येक वर्षं प्रशासनाच्या सोयीचा ठरला. पण शोध घेतला होता तो पोलिओ, पॅराटायफॉइड अशा गंभीर आजारांचा. पोहून आल्यावर दोन दिवस जुलाब झाले, तर ते कोण मोजणार होतं?

अमेरिकेतला आकडा तर हिशेबाच्या वहीतच जन्मला. 1940 च्या दशकाच्या अखेरीच्या पाहण्यांत 100 मिलीलिटरमध्ये सुमारे 2,300 कोलिफॉर्म (मैल्यात, पण मातीतही सापडणारे जिवाणू) असलेल्या पाण्यात पोहणाऱ्यांना जास्त त्रास झाल्याचं दिसलं होतं. त्यातले साधारण 18 टक्के विष्ठेतून आलेले धरले, की होतात 400. सुरक्षिततेसाठी निम्मे केले, उरले 200. 1968 साली हीच शिफारस झाली.

अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिक्टर कॅबेली यांनी 1970 च्या दशकात हा हिशेब बाजूला ठेवून थेट माणसांना विचारायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या कुटुंबांना गाठायचं, त्याच दिवशी पाण्याचे नमुने घ्यायचे आणि आठ-दहा दिवसांनी फोन करायचा: उलट्या, जुलाब, ताप? पोहणारा कोण, याची व्याख्याही कडक होती. डोकं पाण्याखाली गेलेलं हवं; नुसते पाय भिजवणारे त्यात धरले नाहीत. कोलिफॉर्मपेक्षा एन्टेरोकॉकसचा आकडा पोटाच्या तक्रारींशी जास्त जुळला, कारण खाऱ्या पाण्यात ते अधिक तग धरतात. त्यावरून 1986 साली अमेरिकेत समुद्राच्या पाण्यासाठी 100 मिलीलिटरमागे सरासरी 35 एन्टेरोकॉकस ही मर्यादा आली. तीत हजार पोहणाऱ्यांमागे सुमारे 19 जणांना पोटाचा त्रास होणार, हे गृहीतच धरलेलं होतं.

युरोपात पोहण्याच्या पाण्याविषयीचा 1976 चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक नियम, मुख्यतः कोलिफॉर्मवरच बेतलेला होता. ब्रिटनने सुरुवातीला अवघे 27 किनारे त्याखाली आणले. ब्लॅकपूलसारखं गर्दीचं ठिकाण यादीतच नव्हतं! ते प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि 1993 साली ब्रिटन हरलं.

कॅबेली यांच्या पद्धतीवर आक्षेप होताच: पोहणारे आणि न पोहणारे मुळातच वेगळे लोक असतील तर? म्हणून 1989 ते 1992 या काळात ब्रिटनच्या चार किनाऱ्यांवर डेव्हिड के आणि सहकाऱ्यांनी चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. कोणी पाण्यात उतरायचं आणि कोणी वाळूवर थांबायचं हे नशिबावर सोडलं. उतरणाऱ्याने किमान दहा मिनिटं पाण्यात राहायचं आणि तीनदा डोकं बुडवायचं. नमुनाही तो जिथे उभा असेल तिथूनच, छातीइतक्या खोल पाण्यातून घेतला जाई. मैल्यातले स्ट्रेप्टोकॉकस (एन्टेरोकॉकस याच गटातले) 100 मिलीलिटरमध्ये 32 च्या वर गेले, की पोटाचे आजार वाढताना दिसले. मात्र सगळे स्वयंसेवक निरोगी प्रौढ होते. सगळ्यात जास्त पाणी गिळणारी लहान मुलं त्यात नव्हतीच. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या मार्गदर्शक सूचना प्रामुख्याने याच प्रयोगावर उभ्या आहेत.

नेहमीच्या चाचणीत जिवाणू वाढायला एक दिवस लागतो. रात्री पावसाने गटारं तुंबून वाहिली, तरी सकाळच्या पाटीवर आदल्या दिवशीचं पाणी असतं. जनुकीय चाचणी काही तासांत उत्तर देते खरी, पण मेलेले जिवाणूही जिवंतांबरोबर मोजते.