ट्रॉफीचं भाडं फक्त वजनावर ठरत नाही

परदेशात केलेल्या शिकारीची ‘ट्रॉफी’, म्हणजे शिंगं-कातडी, विमानानं घरी आणताना ‘जेवढे किलो, तेवढं भाडं’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. विमानमालाला प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन, यांतलं जे जास्त ते लागतं. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचं, हा रूढ हिशेब. १२० × १०० × १०० ची पेटी ६० किलोच भरली, तरी आकारणी २०० किलोंची! पसरट शिंगं महाग पडतात ती यामुळे. पेटीत बहुतेक हवाच असते. जंतुनाशक प्रक्रिया, पेटी, पशुवैद्यकीय दाखला, सीमाशुल्क दलाल यांचा खर्च वेगळा. आणि साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मधला, म्हणजे नामशेष होण्याच्या धोक्यातला प्राणी असेल, तर निर्यात आणि आयात असे दोन्ही परवाने लागतात.