जुन्या प्लेस्टेशनची नजर रुंद करायची तर

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन या व्हिडिओ गेम यंत्रात कॅमेरा नावाची, म्हणजे खेळातलं जग कुठून नि किती रुंद पाहायचं ते ठरवणारी, वस्तूच नाही. 3 डिसेंबर 1994 रोजी जपानमध्ये विक्रीला आलेल्या या यंत्रात सुमारे 34 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 2 मेगाबाइट मुख्य मेमरी आणि प्रोसेसरला चिकटून बसलेलं एक गणिती उपकरण आहे: जॉमेट्री ट्रान्सफॉर्मेशन इंजिन, थोडक्यात जीटीई. खेळातल्या त्रिमितीय जगाचा बिंदू जीटीईकडे जातो आणि पडद्यावर कुठे उमटायचं ते ठरवून परत येतो. या हिशेबात 'एच' नावाचं एक रजिस्टर, म्हणजे एक आकडा ठेवायची जागा, आहे. बिंदू मध्यरेषेपासून जितका बाजूला असेल त्या अंतराला एचने गुणायचं, बिंदूच्या खोलीने भागायचं आणि पडद्याच्या मध्याचा आकडा मिळवायचा. बस्स, पर्स्पेक्टिव्ह तयार. दूरची गाडी लहान आणि जवळची मोठी दिसते ती या एका भागाकारामुळे.

एच म्हणजे डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं कल्पित अंतर. घराच्या खिडकीशी नाक लावून उभं राहिलं तर अख्खी गल्ली दिसते, आणि चार पावलं मागे आलं की समोरच्या घराचं दारच काय ते उरतं. एच लहान केला की आपण खिडकीजवळ सरकतो, मोठा केला की मागे. पडदा 320 पिक्सेल रुंद आणि एच 320 असेल तर नजरेचा आडवा कोन सुमारे 53 अंश भरतो. एच 160 केला तर तोच कोन बरोबर 90 अंश होतो. गेमर मंडळी ज्याला 'एफओव्ही' म्हणतात, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, तो हाच कोन. पण त्याची किंमतही मोजावी लागते: 53 वरून 90 वर गेलं की पडद्याच्या मधोमध असलेला शत्रू उंचीने आणि रुंदीने निम्मा होतो, आणि कडेला असलेले गोल चेंडू अंड्यासारखे ताणले जातात. सपाट पडद्यावरच्या पर्स्पेक्टिव्हचा तो स्वभावच आहे, खेळाचा दोष नव्हे.

मग लोकांना हा कोन बदलायचा का असतो? त्या काळी खेळ टीव्हीवर खेळला जाई. 20 इंची टीव्हीची रुंदी साधारण 40 सेंटिमीटर. अडीच मीटरवर बसलं तर तो आपल्या नजरेतले जेमतेम 9 अंश व्यापतो. आज तोच खेळ एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, 24 इंची मॉनिटरसमोर 60 सेंटिमीटरवर बसून खेळला जातो. हा पडदा जवळजवळ 48 अंश व्यापतो. एखाद्या खेळाने एच 512 ठेवला असेल तर 320 पिक्सेलच्या पडद्यावर त्याचा कोन 35 अंशच येतो. म्हणजे चित्र पडदाभर ताणलं तर 35 अंशांचं दृश्य 48 अंशांवर फुगवून डोळ्यांपुढे धरलेलं असतं. खेळात मान वळवली की सगळं जग अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने घसरतं, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र म्हणते की आपण हललेलोच नाही. काहींना यातून मळमळ होते, काहींना अजिबात नाही. ज्यांना होते त्यांच्यासाठी एफओव्ही कमी-जास्त करणारी सरकपट्टी ही चैन नाही.

एम्युलेटरमध्ये जीटीई हा काही ओळींचा कोड असतो, त्यामुळे वाटतं की एच जिथे वापरला जातो तिथे एक गुणाकार घातला की काम झालं. सुरुवात तिथूनच होते. पण आधी एक निर्णय घ्यावा लागतो: खेळ रजिस्टरमध्ये एच लिहितो तेव्हा तो बदलायचा, की भागाकाराच्या वेळी? माझं मत दुसऱ्या बाजूने. खेळाने लिहिलेला आकडा खेळाला पुन्हा वाचता येतो, आणि तो त्याला जसाच्या तसा मिळाला पाहिजे. गंमत म्हणजे मूळ यंत्र तोही धड परत देत नाही. एच हा धन आकडा असूनही वाचताना यंत्र त्याला ऋण-धन चिन्ह असल्यासारखं वागवतं, त्यामुळे मोठे आकडे ऋण होऊन येतात. चांगले एम्युलेटर ही चूकही इमानाने जपतात.

दुसरा मुद्दा गुणाकाराचा. सरकपट्टीवर '90 अंश' निवडले की एच कायमचा 160 करून टाकायचा, हे सोपं पण चुकीचं. दुर्बीण लावून दूरचं पाहायची सोय असलेला खेळ त्यासाठी स्वतःच एच वाढवू शकतो. आपण आकडा ठोकून बसवला तर दुर्बीण निकामी. त्याऐवजी खेळाच्या एचला ठराविक गुणोत्तराने लहान-मोठं केलं तर झूम शाबूत राहतो. शिवाय पडद्याची रुंदी प्रत्येक खेळात वेगळी, 256, 320, 512 किंवा 640. त्यामुळे अंशांचा आकडा सगळ्यांना सारखा लागूच होत नाही. सरकपट्टीवर अंशांऐवजी टक्के दाखवणं जास्त प्रामाणिक.

आणि मग धुकं. दूरची दृश्यं धुक्यात विरवण्यासाठी जीटीई वेगळं अंतर मोजत नाही. एच भागिले खोली हे आधीच काढलेलं उत्तर तिथे पुन्हा वापरतं. एच निम्मा केला की त्याच्या लेखी प्रत्येक वस्तू दुप्पट दूर जाते आणि धुकं निम्म्या अंतरावर येऊन ठेपतं. नजर रुंद करायला गेलो आणि रस्ताच दिसेनासा झाला! उपाय असा की भागाकार दोनदा करायचा: जागेसाठी नवा एच, धुक्यासाठी जुना.

खरी कसोटी याच्या पुढे आहे. प्लेस्टेशनमध्ये जीटीईचं उत्तर चित्र काढणाऱ्या चिपकडे थेट जात नाही. ते प्रोसेसरकडे परत येतं, म्हणजे खेळाच्या हातात पडतं. खेळ ते तपासतो, ज्यांतून दृश्य बनतं त्या त्रिकोणांपैकी पडद्याबाहेरचे टाकून देतो, उरलेले रांगेत लावतो आणि मग चित्र काढायला पाठवतो. त्यामुळे एच बदलला की खेळालाही नवी जागा कळते, आणि जो त्रिकोण पूर्वी बाहेर पडायचा तो आता आत आहे म्हणून तो आपण होऊन ठेवून घेतो. हे फुकटात मिळालेलं सुख. मात्र जास्त त्रिकोण म्हणजे जास्त जागा, आणि ही रांग ठेवायला खेळाने त्या 2 मेगाबाइटमधला मोजका तुकडा राखलेला असतो. तो भरून वाहिला तर शेजारचा डेटा खराब होऊन खेळ बंद पडू शकतो.

जिथे छाटणी आधीच झालेली असते तिथे हे सुख संपतं. 1996 मधला क्रॅश बॅन्डिकूट हा खेळ याचं ठळक उदाहरण. तो बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीच्या लोकांनी कॅमेऱ्याची वाट ठरवून टाकली आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणाहून कोणते त्रिकोण दिसतील याची यादी आधीच मोठ्या संगणकांवर काढून डिस्कवर भरली. खेळताना यंत्राला शोधाशोध करावी लागत नाही, म्हणून तर ते जंगल इतकं दाट दिसतं. पण तिथे नजर रुंद केली तर कडेला काहीच सापडणार नाही, कारण यादीत ते नाहीच. रेसिडेंट ईव्हिलची तऱ्हा आणखी वेगळी: मागचे वाडे आणि जिने ही आधी तयार केलेली सपाट चित्रं, फक्त माणसं त्रिमितीय. एच हलवला की माणसं आक्रसतात, जिना जागच्या जागी राहतो आणि पाय पायरीवर टेकत नाहीत. अशा खेळांत सरकपट्टीला हातही लावू नये.

इतर यंत्रांवर गणित बदलतं. 2001 च्या गेमक्यूब या निन्टेंडोच्या यंत्रात पर्स्पेक्टिव्हचे सहा आकडे खेळ ग्राफिक्स चिपला देऊन मोकळा होतो. उत्तर त्याच्याकडे परत येण्याची गरज नसते. डॉल्फिन हा एम्युलेटर 'फ्री लूक' सुविधेत याचाच फायदा घेतो आणि चिपच्या बाजूनेच दृष्टिक्षेत्र बदलतो. खेळाला पत्ता लागत नाही, त्यामुळे त्याचं वागणं तसूभरही बदलत नाही. पण पत्ता लागत नाही म्हणूनच तो जुन्याच कोनाने छाटणी करत राहतो, आणि रुंद केलेल्या कडांवर भिंती-झाडं अचानक उगवतात नि गायब होतात. प्लेस्टेशन 2 मध्ये तर प्रत्येक खेळ आपलं गणित स्वतःच्या प्रोग्रामने व्हेक्टर युनिट या गणिती भागावर करतो. हात घालावा असं ठरलेलं ठिकाणच नाही.

म्हणजे प्रश्न असा उरतो की फसवायचं कोणाला: फक्त पाहणाऱ्याला, की खेळालाही? खेळाला फसवलं तर चित्र जास्त पूर्ण मिळतं, पण त्याचा हिशेब बदलतो. बटणं कोणत्या क्षणी दाबली याची नोंद ठेवून आख्खा खेळ पुन्हा चालवणाऱ्यांची नोंद मग जुळेलच असं नाही. तिसरा मार्ग खेळातच बदल करण्याचा. मेट्रॉइड प्राइम या खेळासाठी डॉल्फिनवरून बेतलेलं प्राइमहॅक हाच मार्ग धरतं: कोनाचा आकडा थेट खेळाच्या मेमरीत लिहितं. यात खेळाच्या प्रोग्रामरने करावा तसाच बदल होतो आणि चित्रही सर्वांत नीट येतं. अडचण एवढीच की तो आकडा मेमरीत कुठे आहे हे प्रत्येक खेळासाठी कोणीतरी शोधून काढावं लागतं, आणि त्याच खेळाच्या अमेरिकी, युरोपीय व जपानी आवृत्त्यांत तो पत्ता बहुतेक वेळा वेगळाच निघतो.