डिझाइनची फाइल फोटोशॉपमधून ब्राउझरमध्ये कशी गेली

वेबसाइट आणि ॲपच्या स्क्रीन वर्षानुवर्षे फोटोशॉपमध्ये आखल्या गेल्या, पण ते त्यासाठी बनलंच नव्हतं. फेब्रुवारी १९९० मध्ये मॅकवर आलेलं हे सॉफ्टवेअर फोटोंवर काम करण्यासाठी होतं. लेअर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, तेसुद्धा १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आले. सगळा हिशेब पिक्सेलचा. बटणाचा रंग बदलायचा तर प्रत्येक स्क्रीनच्या पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलीत) जाऊन बदला, मग स्क्रीनचे तुकडे, म्हणजे स्लाइस पाडून चित्रं डेव्हलपरकडे पाठवा. मराठी मजकुराचे हाल वेगळेच. जुन्या आवृत्त्यांमध्ये युनिकोड देवनागरी टाकली की जोडाक्षरं फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसण्याऐवजी नंतर जाऊन बसायची.

मॅक्रोमीडियाचं फायरवर्क्स (१९९८) खास वेबसाठीच होतं. २००५ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि २०१३ मध्ये फायरवर्क्सचा विकास थांबवला.

तोवर फोनच्या स्क्रीन बदलल्या होत्या. २०१० च्या आयफोन ४ मध्ये जुन्या ३२० × ४८० च्या जागी ६४० × ९६० पिक्सेल आले. प्रत्येक आयकॉन दोन मापांत लागू लागला. मोठं चित्र ४५ पिक्सेलचं केलं तर लहान २२.५ चं होणार, आणि अर्धा पिक्सेल नसतोच, म्हणून कड धूसर. त्याच वर्षी आलेलं स्केच हे डिझाइनचं सॉफ्टवेअर व्हेक्टरवर, म्हणजे पिक्सेलऐवजी गणिती रेषांवर चालायचं: एकदा काढा, हव्या त्या मापात एक्स्पोर्ट करा. मात्र ते फक्त मॅकवर. शिवाय प्रोटोटाइपसाठी, म्हणजे क्लिक करून पाहायच्या नमुन्यासाठी इनव्हिजन, मापं डेव्हलपरला दाखवायला झेपलिन, आवृत्त्या सांभाळायला ॲब्स्ट्रॅक्ट असा लवाजमा लागायचा. यातल्या एकात फाइल पुन्हा चढवायची राहिली, की डेव्हलपर जुन्याच डिझाइनवर काम करत बसे.

डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरने नेमकी हीच गाठ सोडवली. चित्र काढण्याच्या सोयी स्केचमध्येही होत्या; फरक फाइल कुठे राहते याचा होता: एकाच्या संगणकावर नव्हे, इंटरनेटवर. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं इंजिन ब्राउझरमध्ये चालवून स्क्रीनवरचं रेखाटन वेबजीएलकडे (ब्राउझरला ग्राफिक्स चिपवर चित्र काढू देणारं तंत्र) सोपवलं, त्यामुळे विंडोज की मॅक हा वादच मिटला. सप्टेंबर २०१६ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा एकाच फाइलवर अनेकांना एकाच वेळी काम करता येत होतं. मूळ कंपोनंट, म्हणजे बटणासारखा पुन्हा पुन्हा वापरायचा भाग, बदलला की त्याच्या सगळ्या प्रती बदलतात. कुणी घाईत प्रत 'डिटॅच' केली, म्हणजे मूळ कंपोनंटपासून तोडली, तर तेवढीच मागे राहते. मोठ्या फाइलमधली विसंगती बहुतेकदा इथूनच सुरू होते.

अडोबीचं असंच सॉफ्टवेअर एक्सडी या शर्यतीत मागे पडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये अडोबीने फिग्मासाठी २० अब्ज डॉलर देऊ केले. युरोप आणि ब्रिटनमधल्या स्पर्धा नियामकांनी हरकती घेतल्या, डिसेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला आणि करारानुसार अडोबीला एक अब्ज डॉलर भरावे लागले. प्रोटोटाइप आणि मापं डिझाइनच्याच फाइलमध्ये मिळू लागल्यावर मधल्या साधनांचं कामही आटलं. इनव्हिजनने २०२४ च्या अखेरीस आपली डिझाइन सेवा बंद केली.